तुम्ही विचारलंत म्हणून: लँड कौन्सिलचा सीईओ करतो तरी काय?

मेलबर्न-सिडनीची मराठी मंडळी भेटली किंवा पुण्याहून कुणा भाच्याचा फोन आला, की हा प्रश्न हमखास येतो. ॲलिस स्प्रिंग्ज नाहीतर डार्विनच्या लँड कौन्सिलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ॲबोरिजिनल (मूळ रहिवासी) लोकांच्या जमिनीचा कारभार त्यांच्या वतीने पाहणाऱ्या संस्थेत, वरिष्ठ पदाची जाहिरात निघालेली असते. पगार चांगला, वर घर आणि गाडी. "तुम्ही तिथे हिशेबाच्या खात्यात आहात ना? मग हा सीईओ, हे जनरल मॅनेजर करतात तरी काय? एवढ्या जमिनीचा कलेक्टरच म्हणायचा का? आणि आम्ही अर्ज करावा का?"

कलेक्टर अजिबात नाही. कलेक्टर हुकूम काढतो. इथल्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्याला जमिनीच्या बाबतीत स्वतःच्या मनाने हो म्हणता येत नाही, तसंच नाहीही म्हणता येत नाही. तरी प्रत्येक करार आणि प्रत्येक तक्रार त्याच्याच टेबलावर येते. मी जवळून पाहिलेल्या नोकऱ्यांत इतकी अवघड नोकरी दुसरी नाही, आणि इतकी मोलाचीही नाही.

आधी जमिनीचं सांगते. १९६३ मध्ये यिर्काला इथल्या योल्ङु या ॲबोरिजिनल लोकांनी झाडाच्या सालीवर अर्ज चिकटवून कॅनबेराच्या संसदेत पाठवले, कारण त्यांना न विचारता त्यांची जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली होती. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागोमाग गुरिंजी लोक वेव्ह हिलच्या गुरांच्या फार्मवरून काम टाकून निघाले. १९७१ मध्ये योल्ङु लोक कोर्टात हरले. तुमचे कायदेकानू आहेत हे न्यायाधीशांनी मान्य केलं, पण त्यातून जमिनीवर हक्क निघत नाही असा निकाल दिला. त्यानंतर न्यायमूर्ती वुडवर्ड यांचा आयोग बसला आणि १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशापुरता जमीन हक्काचा कायदा झाला. आज टेरिटरीची जवळपास निम्मी जमीन या कायद्याखाली ॲबोरिजिनल लोकांची आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. ती विकता येत नाही. मालकी लँड ट्रस्टच्या नावावर असते, ट्रस्ट लँड कौन्सिलच्या सांगण्याशिवाय काही करू शकत नाही, आणि लँड कौन्सिल पारंपरिक मालकांच्या, म्हणजे परंपरेने ती जागा ज्यांची आहे त्या घराण्यांच्या, संमतीशिवाय काही करू शकत नाही. अशी चार कौन्सिलं आहेत: नॉर्दर्न, सेंट्रल, तिवी आणि अनिंडिल्याक्वा.

आता अधिकाऱ्याची खुर्ची. सेंट्रल लँड कौन्सिलचं उदाहरण घ्या. तिथे वस्त्यावस्त्यांनी निवडलेले ९० सभासद आहेत, सगळे ॲबोरिजिनल, आणि त्यांच्यातलाच एक अध्यक्ष. सीईओ त्यांचा नोकर. पण संस्था केंद्र सरकारच्या कायद्यातून जन्मलेली, त्यामुळे पैशाचा जाब अध्यक्ष आणि सीईओ यांना मिळून द्यावा लागतो आणि वार्षिक अहवाल कॅनबेरात मंत्र्यांकडे जातो. एकीकडे तनामीच्या वाळवंटातली आजी, दुसरीकडे ऑडिटर. दोघांनाही एकाच माणसाने उत्तर द्यायचं असतं.

या नोकरीचा गाभा मात्र कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. जमिनीबद्दल काही करण्याआधी कौन्सिलची खात्री पटली पाहिजे की पारंपरिक मालकांना प्रस्ताव काय आहे आणि कशासाठी आहे हे समजलंय, आणि त्यांनी सगळ्यांनी मिळून संमती दिली आहे. ज्यांच्यावर परिणाम होईल त्या इतरांनाही बोलायची संधी मिळाली पाहिजे. किती दिवसांत, ते कलमात लिहिलेलं नाही. बाहेरून आलेल्या हुशार अधिकाऱ्यांची पंचाईत इथेच होते. त्यांना तारीख हवी असते.

अशा बैठकीला मी पैशाचे कागद घेऊन गेले आहे. झाडाखाली ताडपत्र्या अंथरलेल्या, लाल धुळीने माखलेल्या टोयोटा बाजूला, चुलाणात कांगारूची शेपटी भाजतेय. कंपनीचा भूगर्भशास्त्रज्ञ नकाशा उलगडतो, दुभाषी वार्लपिरी भाषेत सांगते. वार्लपिरी लोकांत एखाद्या जागेचे किर्डा असतात, म्हणजे बापाकडून आलेले धनी, आणि कुर्डुंगुर्लू असतात, आईकडून नातं लागणारे, ज्यांनी त्या जागेवर आणि तिच्या विधींवर लक्ष ठेवायचं. आपल्याकडे मामाचा मान राखल्याशिवाय मांडवातलं काही पुढे सरकत नाही, तसं इथे कुर्डुंगुर्लूंनी मान हलवल्याशिवाय किर्डांचा शब्द पक्का होत नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी नकाशाकडे पाहिलंच नाही. वाळूत बोटाने पाण्याच्या जागा काढल्या आणि विचारलं, "तुमची गाडी यातून कुठून जाणार?" भूगर्भशास्त्रज्ञाला सांगता येईना. आमच्या साहेबांनी कंपनीच्या माणसांचे आभार मानून त्यांना परत पाठवलं, कारण मालकांचं आपसातलं बोलणं कंपनीसमोर होत नाही, होऊही नये. मग ते स्वतः बाजूला जाऊन बसले. दुपारभर एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी निर्णय झाला नाही, आणि कुणाला त्याचं वाईटही वाटलं नाही.

पुढची बैठक ठरली आणि वस्तीत मृत्यू झाला. अशा वेळी सगळं थांबतं. नातलग लांबलांबहून येतात, शोक किती दिवस चालेल ते तेच ठरवतात. कंपनीने विमान भाड्याने घेतलेलं, माणसं पर्थहून निघालेली. त्यांना फोन करून "येऊ नका, पुढची तारीख आत्ता सांगता येणार नाही" हे सांगणं वरिष्ठ अधिकाऱ्याचं काम. ते खालच्या माणसावर ढकलायचं नसतं.

इतकं थांबायचं कशासाठी, असं खाणवाले विचारतात. उत्तर कायद्यातच आहे. खनिजांच्या शोधकामाच्या परवान्याला मालक नकार देऊ शकतात, आणि नकार दिला तर पाच वर्षं त्या जागेचा विषय निघत नाही. पण १९८७ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क फक्त शोधकामाच्या वेळेपुरता राहिला. शोधाला हो म्हटलं की पुढे खाणीला नाही म्हणता येत नाही. म्हणजे चार भोकं पाडून बघतो म्हणणाऱ्या माणसाला दिलेल्या होकारात वीस वर्षांनंतरचा खड्डाही येतो. हे समोरच्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत कळलं आहे का, याची खात्री करणं म्हणजेच ही नोकरी, असं माझं ठाम मत आहे. बाकीचं सगळं कारकुनी.

मालक कोण हे चुकलं तर काय होतं, तेही पाहिलंय या प्रदेशाने. टेनंट क्रीकच्या उत्तरेला मकाटी नावाची जागा आहे. २००७ मध्ये ती अणुकचऱ्यासाठी सुचवली गेली. योग्य लोकांची संमती घेतलीच नाही, असं म्हणत तिथलेच काही पारंपरिक मालक कोर्टात गेले. जून २०१४ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि निकाल लागायच्या आधीच प्रस्ताव मागे घेतला गेला. सात वर्षं भाऊबंद एकमेकांसमोर उभे होते. त्यामुळे कौन्सिलमधला मानववंशशास्त्रज्ञ "अजून एका घराण्याशी बोलायचं राहिलंय" म्हणाला, की चांगला सीईओ मंत्र्यांचा फोन आला तरी थांबतो.

पैशाचं मी थोडक्यात सांगते, नाहीतर माझ्या खात्याचं सांगताना रात्र होईल. खाणींच्या रॉयल्टीएवढी रक्कम केंद्र सरकार एका वेगळ्या खात्यात भरतं, आणि तिचा ३० टक्के भाग खाणीची झळ लागणाऱ्या भागातल्या लोकांसाठी असतो. उलुरू हा प्रचंड खडक १९८५ मध्ये तिथल्या अनंगू लोकांना परत मिळाला आणि त्यांनी तो ९९ वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यानाला भाड्याने दिला. प्रवेश शुल्काचे २५ टक्के त्यांच्याकडे येतात. उलुरूच्या पायथ्याच्या मुतिजुलु वस्तीत आज पोहण्याचा तलाव आहे आणि तो चालवायला भाड्याचा पैसा वापरायचं त्यांनीच ठरवलं. वार्लपिरी लोकांनी सोन्याच्या खाणीच्या पैशातून २००५ पासून शिक्षणाचा ट्रस्ट चालवलाय. हा पैसा घरोघरी वाटून मोकळं होणं सोपं असतं. लोक एकत्र बसून ठरवतील तोवर सांभाळून ठेवणं आणि मग त्यांच्या ठरावाप्रमाणे पै-पै खर्च करणं, याला खमका अधिकारी लागतो.

मग अर्ज करावा का? सर्वांत वरच्या जागेसाठी करू नका, असं मी स्पष्ट सांगते. ती खुर्ची ॲबोरिजिनल माणसाची आहे. १९८० च्या दशकात पॅट डॉडसन सेंट्रल लँड कौन्सिलचे संचालक, म्हणजे आजच्या भाषेत सीईओ, झाले, त्यांच्यानंतर डेव्हिड रॉस यांनी ती फार मोठा काळ सांभाळली, आणि लोकांचा भरवसा त्यातूनच बसला. पण वकील, हिशेबनीस, जमीन व्यवस्थापनाचे प्रमुख म्हणून जरूर या. गडचिरोलीत मेंढा लेखासारख्या ग्रामसभेबरोबर काम केलेलं कुणी असेल, तर त्याला मी आधी बोलावीन. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथे निर्णय मतदानाने नाही, सर्वसहमतीने होतात. एका माणसाचं समाधान होईपर्यंत सभा पुन्हा पुन्हा भरते हे ज्याने तिथे पाहिलंय, त्याला तनामीतली ताडपत्री परकी वाटणार नाही.

मुलाखतीआधी कलम २३ वाचून जा. पगाराची चौकशी नंतर करा. पॅनेलवर सभासद असतात, त्यांना विचारा की वर्षातले किती दिवस वस्त्यांवर काढावे लागतील. उत्तर ऐकून घरच्यांशी बोला. इथे ॲलिस स्प्रिंग्जला उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि शेजारचं मोठं शहर दीड हजार किलोमीटरवर आहे. तरीही यायचं ठरलं तर मला कळवा, राहायची जागा शोधायला मी मदत करीन.