नारिंगी टोपणाची सिरिंज

सांगलीत एका रुग्णालयाच्या मधुमेह ओपीडीत मी समुपदेशनाचं काम करते. टाइप १ मधुमेहाची मुलं येतात तेव्हा डॉक्टर विचारतात आणि आईवडील उत्तरं देतात. रोज सुई टोचून घेणारं पोर शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं.

जत तालुक्यातली नववीतली एक मुलगी अशीच वडिलांबरोबर यायची. साखर कायम तीनशेच्या वर, वजन उतरत चाललेलं. डोस वाढवला तरी फरक नाही. वडील वैतागायचे, "चोरून गोड खातीया, दुसरं काय!" ती गप्प.

त्या दिवशी मी म्हटलं, "दादा, जरा बाहेर बसता का?" मग तिला म्हणाले, "मला काहीच येत नाही असं समज. घरी इंजेक्शन कसं घेतेस ते शिकव मला."

तिनं पिशवीतून डबा काढला. हात धुतले, बाटली तळहातांत हळू फिरवली, रबर स्पिरिटनं पुसलं, मोजून हवा आत सोडली आणि वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं. कुठंही घाई नाही, एकही पायरी चुकली नाही. पण सिरिंजचं टोपण नारिंगी होतं.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा १ मिलिलीटरमध्ये ४० युनिट असं येतं. तिच्या बाटलीवरही तेच होतं. त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची असते १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. तिच्यावर वीसच्या रेघेपर्यंत ०.२ मिलिलीटर औषध येतं, म्हणजे ४०च्या बाटलीतून जेमतेम ८ युनिट. पोरीला २० सांगितले होते!

"लाल संपल्या होत्या. दुकानात ह्या दिल्या. सारख्याच असतील म्हटलं."

डॉक्टरांना लगेच बोलावलं. कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं, तपासले, डोस नव्यानं ठरवला. वाढवलेला डोस तसाच ठेवून नुसती सिरिंज बदलली असती, तर साखर धाडकन खाली आली असती. म्हणून तेही तिला समजावलं: थरथर, घाम, साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मग तिच्याकडून वदवून घेतलं. "शाळेत ग्लुकोजची पुडी कुठं ठेवशील?" "कंपासपेटीत."

वडिलांना आत बोलावलं. दोन्ही सिरिंजा समोर धरून तिनंच त्यांना फरक सांगितला. ते बराच वेळ बघत राहिले. "मग तू गोड खात न्हवतीस?"

"न्हाई म्हणत हुते की, पप्पा."

या वयातली पोरं गप्प बसली की आपण त्यांना खोटारडी ठरवतो, याचा मला फार राग येतो. टाइप १ गोड खाऊन होतही नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हे त्या पोरांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

आता आमच्याकडे प्रत्येक मुलाला थोडा वेळ एकट्याला भेटतो. घरची बाटली, घरची सिरिंज घेऊनच यायचं आणि करून दाखवायचं. चिठ्ठीवर 'लाल टोपण, ४० युनिट' असं ठळक मराठीत लिहितो. गावोगावच्या औषध दुकानदारांशी बोलायचं काम मात्र अजून बाकी आहे.