गणपाची आई

मी झेडपीच्या शाळेत शिकवते आणि वरून बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारी. लोकांना वाटतं आम्ही फक्त मतदानाच्या चिठ्ठ्या वाटतो. ज्या वाटल्या जात नाहीत त्यांचीच एएसडी यादी होते, म्हणजे गैरहजर, स्थलांतरित, मयत, आणि त्या यादीतला माणूस मतदानाला आलाच तर त्याची वेगळी चौकशी, सहीसोबत अंगठा पण, हे कुणाला माहीत नसतं.

2024 ची विधानसभा, 20 नोव्हेंबर. सकाळी एक आजी मतदान केंद्रात गेल्या. नाव विचारल्यावर म्हणाल्या "कृष्णा". कार्डावर पार्वती. आणि पार्वती एएसडी यादीत, शेरा "स्थलांतरित". तो शेरा मी दिलेला.

त्या गल्लीत मी तीन चकरा मारल्या होत्या हो. घर क्रमांकाच्या जागी आमच्या यादीत निम्म्या गावाला शून्य, नवऱ्याचं नाव होतं पण तो जाऊन तीस वर्षं झाली आणि गाव त्याला अण्णाच म्हणायचं. "पार्वतीबाई कुठं राहतात" तर सगळ्यांनी माना हलवल्या. "गणपाची आई" विचारलं असतं तर शेंबड्या पोरानंही घर दाखवलं असतं.

एका उमेदवाराचा पोलिंग एजंट उठलाच, नावच वेगळं सांगतायत म्हणून. केंद्राध्यक्ष थंड डोक्याचे, म्हणाले आक्षेप घ्या, दोन रुपये भरा, पावती देतो. चॅलेंज व्होटची, म्हणजे अशा आक्षेपाची, फी अजून दोनच रुपये आहे! पण याच्याकडं सुट्टे नाहीत आणि फोनपे करायला मोबाईल बाहेर ठेवलेला. तेवढ्यात मला आत बोलावलं. मी सांगितलं, या गणपाच्या आई, गावातच राहतात, शेरा माझा चुकलाय. एजंट गप खाली बसला, त्यालाही गणपा माहीत होताच की.

आजी म्हणाल्या, "पार्वती लग्नात तांदळात लिवलेलं गं. त्या नावानं कुणी हाकच मारली न्हाई, मग ध्यानात कसं राहील?"

1951-52 च्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट मी ट्रेनिंगमध्ये ऐकलेली. बायका अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगायच्या, तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले स्वतःचं नाव द्या नाहीतर नोंद नाही, आणि जवळपास 8 कोटी बायकांपैकी 28 लाख यादीबाहेर राहिल्या, बहुतेक उत्तरेकडच्या. तेव्हा मी शेजारच्या मॅडमला हसून म्हटलं होतं, आपल्याकडं बरंय बाई. आपल्याकडं काय बरंय, नाव आहे पण ते घरात सुद्धा कुणाला माहीत नाही. आणि मतदान मात्र आजींनी केलं, सहीबरोबर अंगठा देऊन, बोटाची शाई बाहेर सगळ्यांना दाखवत.

नंतर दुरुस्तीचा आठ नंबरचा फॉर्म घेऊन घरी गेले, म्हटलं कृष्णा करून टाकू का. सून म्हणाली नको मॅडम, आधार, रेशन, पेन्शन सगळं पार्वतीवर आहे. आजी काहीच बोलल्या नाहीत, फॉर्मवर माझ्याकडून "कृष्णा" पेन्सिलनं लिहून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि परत दिला. तो अजून माझ्या पर्समध्येच आहे.