नाकातून रक्त आणि जुनी गोचीड

मी परदेशात एका व्हेट क्लिनिकमध्ये काम करते. इथे थंडी भरपूर, त्यामुळे गोचीड ताप हा इथल्या बऱ्याच डॉक्टरांनी पुस्तकातच बघितलेला असतो, आपल्याकडे शिकताना मात्र आम्ही असे पेशंट इतके बघितलेत की कुत्रा दारातून आत येतानाच शंका यायची.

त्या दिवशी क्लिनिक बंद व्हायच्या बेतात एक मराठी जोडपं कुत्र्याला उचलून घेऊन आलं, सोबत आजी. चिकूच्या एका नाकपुडीतून रक्त येत होतं आणि ते थांबतच नव्हतं, टॉवेल पार भिजलेला. केस माझ्या सिनियरची होती, मी मदतीला. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, पोटावरचे केस बाजूला केले तर बारीक लाल ठिपके, म्हणजे आतल्या आत रक्त झिरपतंय.

अशा वेळी पहिला संशय उंदराच्या औषधावर, ते पोटात गेलं की रक्त गोठत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट केली, ती नॉर्मल आली. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, मात्र फारच कमी, कुत्र्यात साधारण दोन लाखांच्या वर हव्यात आणि याच्या वीस हजारसुद्धा नव्हत्या. मशीन कधीकधी फसवतं, प्लेटलेटचे गठ्ठे झाले की आकडा उगाच कमी दिसतो, म्हणून स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघितली. गठ्ठे नव्हते, खरंच कमी होत्या. (रक्त मानेतून न घेता पुढच्या पायातून घेतलं होतं, कारण अशा कुत्र्याची मानेची मोठी शीर टोचली की आत रक्त साठायची भीती, पायावर निदान दाबून धरता येतं. आणि मी ते धरलं बराच वेळ, हाताला मुंग्या येईपर्यंत.)

मग राहिलं काय तर शरीर स्वतःच स्वतःच्या प्लेटलेट मारतंय, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायला हाय डोस स्टेरॉइड. सिनियरचं काही चुकत नव्हतं, इथे हेच निदान जास्त वेळा खरं ठरतं. फॉर्ममध्ये गेल्या वर्षभरात परदेश प्रवास झालाय का असं विचारलेलं असतं, तिथे मालकाने नाही लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. पण चिकूचा तो चेहरा, ते कान, ती वर वळलेली शेपटी, हा कुत्रा इथला असणं शक्यच नव्हतं हो. मी मराठीतच विचारलं, दादा हा आपल्याकडून आणलाय का? तर म्हणे हो, दोन वर्षं झाली. आजी लगेच म्हणाल्या, "अगं, तिकडे याला गोचीड ताप झाला होता की! आठवडाभर गोळ्या दिल्या, खायला लागला, मग केल्या बंद."

मी सिनियरला म्हटलं स्टेरॉइड जरा थांबव. कारण गोचीड तापाचा अर्लिकिया कॅनिस नावाचा जंतू पांढऱ्या पेशींमध्ये घर करतो, ताप उतरतो, कुत्रा धडधाकट दिसतो, आणि जंतू महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षंसुद्धा, आत गप्प बसून राहतो. अशात प्रतिकारशक्ती दाबली की त्याला रान मोकळं. क्लिनिकमधलं छोटं किट लावलं, दहा मिनिटांच्या आत ठिपका उमटला. हे किट अँटीबॉडी दाखवतं, म्हणजे जुना संसर्ग बरा झाला असला तरी पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून खुद्द जंतूचा अंश शोधणाऱ्या पीसीआर टेस्टला रक्त पाठवलं, पण डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक त्याच रात्री सुरू केलं. रिपोर्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. नंतर पीसीआरही पॉझिटिव्हच आला.

डॉक्सी पूर्ण २८ दिवस द्यायचं असतं आणि ते जेवणासोबत, वरून पाणी, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. हे मी मुलाला आणि सुनेला सांगितलं पण खरं म्हणजे आजींना सांगितलं, गोळ्यांचा कारभार त्यांच्याकडेच जाणार हे दिसतच होतं. त्यांची काळजी वेगळीच, घरात नातू आहे, त्याला होईल का? कुत्र्यापासून थेट नाही होत, मध्ये गोचीड लागते, आणि चिकूच्या अंगावर एकही नव्हती, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात पण शोधलं.

रक्त दुसऱ्या दिवशी थांबलं. पुढच्या तपासणीला प्लेटलेट लाखाच्या वर होत्या आणि चिकू मला चावायला आला, ते बघून बरं वाटलं. किट मात्र परत लावायचं नाही असं मालकाला बजावलंय, औषधानंतरही ते बरेच महिने पॉझिटिव्ह येत राहतं आणि माणसं उगाच घाबरतात, त्याच्या प्लेटलेटच मोजत राहायच्या.