वस्तू दाखवा, नाहीतर पावती दाखवा

पुराचं पाणी आमच्या घरात दोन दिवस होतं. विम्याच्या क्लेमला सात महिने लागले, आणि त्यातले पाच एकाच टेबलासमोर गेले. पॉलिसी सापडली, फोन लागला, अर्ज भरला, तिथवर काहीच अडलं नाही. अडलं ते एका वाक्यापाशी: "वस्तू दाखवा, नाहीतर पावती दाखवा."

वस्तू कुठून दाखवणार? आम्ही पडलो टापटिपीची माणसं! पाणी उतरल्याबरोबर गाद्या, सोफा, फुगून उकललेली कपाटं सगळं बाहेर फेकलं. त्यातही चूक नव्हती. ओल्या सामानाला 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते आणि आईला दमा आहे. चूक ही की फेकण्याआधी एकही फोटो काढला नाही. नुकसान तपासणारे सर्व्हेअर नवव्या दिवशी आले, धुतलेल्या फरशीकडे बघून म्हणाले, "इथे काय काय होतं?" भिंतीवरची पाण्याची रेघसुद्धा मी घासून काढली होती. दाराआडची तेवढी वाचली होती, तीच दाखवली. रेघेला मोजायची टेप लावून फोटो, फ्रिजच्या मागच्या पट्टीवरचा सिरियल नंबर, सोफ्याच्या कापडाचा कापून ठेवलेला तुकडा, एवढं जरी असतं तरी माझे निम्मे हेलपाटे वाचले असते.

पावत्या होत्या. कपाटाच्या अगदी खालच्या खणात, वर्षवार लावलेल्या. फाइल उघडली तर आत एकच लगदा. तो तसाच घेऊन गेले. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी पेनाच्या टोकाने तो जरा उचलून बघितला आणि शेरा मारला: "वाचता येत नाही." पुरात भिजलं म्हणूनच तर मी इथे आलेय, असं म्हणताना माझा आवाज चढला. त्यांनी शांतपणे पुढची तारीख दिली.

भिजलेले कागद ओढून सुटे करू नयेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे बुरशी थांबते आणि सावकाश सोडवता येतात, हे मला नंतर कळलं. अर्थात आमचा फ्रीझर तेव्हा दिवाणखान्यात आडवा पडला होता. फ्रिज पाण्यावर तरंगतो हेही नवीनच ज्ञान.

अर्जात 'पाणी कसे आले' असा रकाना असतो, तो घाईत भरू नका. छत गळून आलेलं पाणी आणि बाहेरून चढत आलेलं पाणी यांना बऱ्याच पॉलिसींमध्ये वेगळे नियम असतात. आणि हो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: घरात शिरण्यापूर्वी मेन स्विच बंद आहे याची खात्री करा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका.

शेवटी सुटका केली ती वाढदिवसांनी. भावाच्या फोनमधल्या फोटोंत केक पुढे आणि मागे आमचं सगळं घर: टीव्ही, कपाट, सोफा. बँकेच्या स्टेटमेंटमधल्या खरेदीच्या नोंदी त्याला जोडल्या. काही दुकानांनी मोबाइल नंबरवरून बिलं पुन्हा काढून दिली. आता मी दर सहा महिन्यांनी घरभर फिरून, खण उघडून, एक व्हिडिओ करते आणि भावाला पाठवते. तो दुसऱ्या गावी राहतो, म्हणजे दोन्ही घरं एकदम बुडायची नाहीत. पुराच्या रात्री फोन लागत नव्हते तेव्हा एसएमएस गेला तोही त्यालाच. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला 4 लिटर, असं निदान 3 दिवसांचं भरून ठेवते. घरचे हसतात.

आई हसत नाही. पाऊस जोरात लागला की रात्री उठून दाराखालची फट चाचपून बघते. कोरडी लागली तरी तिथेच बसून राहते.

तिचं शिवणयंत्र तीस वर्षांचं. त्याची पावती कुठली! मावशीच्या अल्बममध्ये यंत्रावर बसलेल्या आईचा एक फोटो निघाला, तो दिला. "मूळ प्रत लागेल," म्हणाले, म्हणून मूळच दिला. घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून कापायची रक्कम, वजा जाऊन यंत्राची किंमत शून्य ठरली. क्लेम मंजूर होऊन पैसे जमा झाले, फाइल बंद झाली. फोटो अजून त्या फाइलीतच आहे आणि मावशी दर आठवड्याला विचारते. सोमवारी पुन्हा त्याच टेबलावर जायचंय.