बोटांना शून्य, तरी पकड आहे

आज ओटीमध्ये (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं पुन्हा जमवून देणारा विभाग) सगळी सकाळ एकाच पेशंटच्या हातांवर गेली. कोकणातला मुलगा, आंबे काढताना झाडावरून पडला, मानेत फ्रॅक्चर, मज्जारज्जूला इजा, सी-६ लेव्हल (मानेतली सहावी पातळी). म्हणजे कोपर वाकतं, मनगट वर उचलतं, पण कोपर ताकदीनं सरळ होत नाही आणि बोटं तर हलतच नाहीत. मसल टेस्टिंगला ० ते ५ मार्क, याच्या मनगटाला ४ आणि बोटांना सरसकट ०. नुसता फॉर्म बघणाऱ्याला वाटेल हात कामातून गेला.

पण मनगट वर उचललं की याची बोटं आपोआप मिटतात, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो, मनगट खाली सोडलं की परत उघडतात. टेनोडेसिस. बोटांचे स्नायू काहीच करत नाहीत, मनगटामुळे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) ताणले जातात एवढंच. त्याच्यावर पठ्ठ्यानं ग्रास्प टेस्टमधली (मज्जारज्जूच्या इजेनंतर हात किती चालतो ते बघणारी) नाणी उचलून फटीत टाकली, बोल्टवर नट मात्र काही फिरेनात, दोनदा खाली पडले तेव्हा शिवी हासडली आणि मग "सॉरी मॅडम". या टेस्टचं मला आवडतं ते हे की अशा वेगळ्या पकडीनं काम पूर्ण केलं तरी मार्क मिळतात, पूर्ण ५ नाही पण ३ तरी. हाताची दुसरी टेस्ट जेबसन-टेलर, १९६९ची, तिच्यात जेवणाच्या नावाखाली चमच्यानं राजम्याचे दाणे उचलून डब्यात टाकायचे. हा मला विचारतो भाकरी कधी मोडता येईल!! आता सांगा.

त्याची आई रोज तेल लावून त्याचं मनगट मागे वाकवून बोटं पार सरळ ताणते, मायेनंच करते, आणि बऱ्याच घरांत हेच चालतं कारण आखडलेली बोटं बघवत नाहीत. पण तो थोडा आखडलेपणाच तर त्याची पकड आहे, टेंडन सैल झाले की तीही जाणार. म्हटलं काकू, बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट वर असेल तेव्हा बोटं मिटू द्या. त्यांना पटेना, "मग मूठ तशीच राहिली तर?" शेवटी त्यालाच ग्लास उचलून दाखवायला लावला, तेव्हा कुठे ऐकलं.

भाकरीला फॉर्मवर रकाना नाही, मी माझ्या वहीत केलाय. सध्या त्यात लिहिलंय: मऊ पोळी, दोन्ही हात लावून, तुकडा निघाला, तोंडापर्यंत नाही.