तुम्ही विचारलंत म्हणून : इतकी पदकं, मग विमानं किती पाडली?

जुनी लष्करी पदकं जमवायचा मला नाद आहे. त्यातला एक संच दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत लावलाय. डावीकडून मिलिटरी क्रॉस (हे शौर्यपदक), १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, डिफेन्स मेडल आणि वॉर मेडल. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानविरोधी तोफखान्यातल्या अधिकाऱ्याचा, असं सांगून विकणाऱ्यानं तो दिला. मी हे सांगितलं की येणारा हमखास विचारतो, ‘अरे वा! मग विमानं किती पाडली त्यानं?’

पदकांवरून ते कळत नाही. खरं तर त्या अधिकाऱ्यालाही छातीठोक सांगता आलं नसतं. ३.७ इंची जड तोफांची बॅटरी, म्हणजे तोफांचा गट, एकाच गणितावर एकदम बार काढायची. उंची, वेग आणि दिशा प्रेडिक्टर नावाच्या यंत्रात घालायची, मग विमान पुढे कुठे असेल ते यंत्र सांगणार. गोळा वर पोचेपर्यंत विमान मैलभर पुढे गेलेलं असतं. शेजारच्या बॅटऱ्याही त्याच विमानावर बार काढत असतात. ते पेटलं तर श्रेय कुणाचं? दुसऱ्या दिवशी या मुद्द्यावरून वाद व्हायचे.

मग शौर्यपदक मिळायचं कशाला? बहुतेकदा जागा न सोडल्याबद्दल. डाइव्ह बॉम्बर थेट तोफेवर झेपावत असताना बार चालू ठेवणं, शेजारी दारूगोळा पेटलेला असताना जखमींना बाहेर काढणं. भूमध्य समुद्रातलं माल्टा बेट आणि लिबियातलं टोब्रुक बंदर, इथे अशा प्रसंगांना तोटा नव्हता. माल्टात तर एप्रिल १९४२ मध्ये तोफगोळे मोजून वापरावे लागत होते, आणि त्याच महिन्यात राजानं अख्ख्या बेटाला शौर्याबद्दलचा जॉर्ज क्रॉस दिला. एक गोष्ट मला अजून खटकते. एकाच खड्ड्यात, एकाच तोफेवर, एकाच क्षणी केलेल्या पराक्रमाबद्दल अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस आणि जवानाला मिलिटरी मेडल. ही वर्णव्यवस्था १९९३ पर्यंत चालली.

माझ्याकडच्या क्रॉसवर नाव नाही, कारण तो सरकारकडून कोराच मिळायचा. मात्र उलटा केला की खालच्या भुजेवर १९४२ हे साल कोरलेलं दिसतं. आफ्रिका स्टारची फीत वाळवंटाच्या रंगाची, मध्ये लाल पट्टा, दोन बाजूंना गडद आणि फिकी निळी रेघ : भूदल, नौदल, हवाईदल. तिच्यावर ‘८’ हा आकडा असता तर ऑक्टोबर १९४२ नंतर हा माणूस उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिश आठव्या आर्मीत होता असं म्हणता आलं असतं. तो नाही. म्हणजे त्याआधीचं वाळवंट, नाहीतर माल्टा, कारण माल्टातल्या सैनिकांनाही हाच स्टार मिळाला. माझा कौल माल्टाला. पुरावा काही नाही, आपला एक अंदाज.

आता राहिलं डिफेन्स मेडल. लोक त्याच्याकडे बघतही नाहीत, मला मात्र त्याच्यावरच सगळ्यात जास्त बोलायचं असतं. त्याची फीत नारिंगी, कडेला हिरवी आणि हिरव्यात बारीक काळी रेघ : बॉम्बहल्ल्यांची आग, इंग्लंडची हिरवी जमीन आणि ब्लॅकआऊटचा अंधार. मायदेशात तीन वर्षं सेवा केली की ते मिळायचं. १९३९-४५ स्टारसाठी भूदलाच्या माणसाला युद्धक्षेत्रात सहा महिने काढावे लागत, आणि ब्रिटन हे युद्धक्षेत्र धरलं नव्हतं! १९४० मध्ये रात्रीमागून रात्री लंडनच्या आकाशात गोळे फेकणारे आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डोव्हरला चार वर्षं जर्मन विमानं अंगावर घेणारे तोफची, यांना स्टार नाही. आकाशात लढलेल्या फायटर वैमानिकांना स्टारवर ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ची खास पट्टी मिळाली. खाली तोफेवर उभा असलेल्याला होमगार्डच्या वाट्याला आलं तेच पदक. १९४१ पासून मिश्र बॅटऱ्यांमध्ये प्रेडिक्टर आणि रडार चालवणाऱ्या मुलींनाही तेच. तोफेचा बार काढायची त्यांना परवानगी नव्हती, बाकी सगळं काम त्यांचं.

जर्मनांच्या व्ही-१ या उडत्या बॉम्बचं उदाहरण घ्या. जुलै १९४४ मध्ये तोफा लंडनभोवतून हलवून किनाऱ्यावर नेल्या. नवं रडार आणि लक्ष्याजवळ जाताच गोळा आपोआप फोडणारा फ्यूज हाताशी आला. २८ ऑगस्टला ९४ बॉम्ब आले, त्यातले ६५ तोफांनी पाडले. लंडनपर्यंत चारच पोचले. ते पाडणाऱ्यांना त्या कामाबद्दल स्टार नाही. त्याच जातीचे बॉम्ब त्या हिवाळ्यात बेल्जियमच्या अँटवर्प बंदरावर पडू लागले. तिथे तोफा घेऊन गेलेल्यांना फ्रान्स अँड जर्मनी स्टार मिळाला, आणि त्याला एक दिवस पुरत होता. शत्रू तोच, तोफाही त्याच, मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली एवढाच फरक.

ब्रिटनमधल्या या सगळ्या तोफखान्याचा सेनापती सर फ्रेडरिक पाईल. जुलै १९३९ पासून एप्रिल १९४५ पर्यंत अँटी-एअरक्राफ्ट कमांड त्याच्याकडेच होती. त्या युद्धात एवढा काळ एकच कमांड सांभाळलेला दुसरा ब्रिटिश जनरल नाही. त्याच्याकडेही डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) आणि मिलिटरी क्रॉस होते, पण दोन्ही पहिल्या महायुद्धातले.

आपल्याकडेही हाच हिशेब होता. युद्धातली तीन वर्षं देशातच चौकी-पहारा करत काढलेल्या भारतीय सैनिकांसाठी ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ काढलं, त्यावर अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून कुणी पदकांचा फोटो पाठवतं आणि ‘बर्मा स्टार नाही, म्हणजे आजोबा लढले नाहीत का?’ असं विचारतं, तेव्हा मी डोव्हरचा किस्सा सांगतो.

किंमतही विचारली जाते. डिफेन्स मेडल आणि वॉर मेडल ब्रिटिशांना बिननावाची मिळाली, त्यामुळे ती ढिगानं सापडतात आणि स्वस्त असतात. किंमत कागदाला असते. युद्धानंतर ही पदकं पुठ्ठ्याच्या लहानशा डबीत टपालानं यायची, आत कोणती पदकं आहेत याची छापील चिठ्ठी असायची. डबीवरचा पत्ता आणि ती चिठ्ठी शाबूत असेल तर जपा. मिलिटरी क्रॉस असेल आणि नाव माहीत असेल तर लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात ते सापडतं, आणि शिफारशीचा कागद बऱ्याचदा लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये निघतो. आणि कृपा करून पितांबरीनं घासू नका. तसा घासलेला एक आफ्रिका स्टार माझ्याकडे दाखवायला आणला होता. मुकुटाखालची राजाची अक्षरं चाचपून वाचावी लागली.