कळस दिसला की दर्शन झालं

आळंदीहून पंढरपूर पायी साधारण अडीचशे किलोमीटर. एवढं चालून जायचं आणि पांडुरंगाच्या पायांवर डोकं टेकायला मिळालंच नाही तर, हा प्रश्न निघण्याआधी मला छळत होता. आषाढीला पंढरीत लाखोंची दाटी असते. दर्शनबारीत लागलं तर रात्रच्या रात्र जाते. दिंडीतल्या जुन्या मंडळींना विचारलं, तर एकच उत्तर आलं, "कळस दिसला की दर्शन झालं, माउली." ते ऐकून माझं समाधान झालं नाही.

भक्ती म्हणजे उचंबळून येणं, अशी माझी समजूत होती. वारीत आधी दिसली ती शिस्त. कोणती दिंडी रथापुढे कितवी, कोणती मागे कितवी, हे ठरलेलं. पहाटेचे अभंग वेगळे, संध्याकाळी हरिपाठ. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली ही घडी आजही मोडलेली नाही. आमच्या दिंडीतली वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचे खांदे भरून आले की दुसरा पुढे होतो, वीणा त्याच्या गळ्यात जाते आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. देणारा वयाने मोठा असला तरी तोही वाकतो. चिखलात, पावसात, रस्त्याच्या मधोमध, पण वाकतोच.

दिवसभरातलं मला सर्वांत आवडायचं ते तळावरचं. मुक्कामी पालखी पोचली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात, "होऽऽ" अशी हाक येते आणि सगळं जागच्या जागी थांबतं. फक्त एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार त्यांच्यापाशी जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि त्यानंतर समाज आरती. कुणाच्या मनात सल असताना आरती पुढे रेटायची नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे! देवावरचं प्रेम आणि शेजाऱ्याचं गाऱ्हाणं तिथे वेगळं काढताच येत नाही.

दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या, नीरेत पादुकांना स्नान झालं, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वांची धाव. ज्ञानेश्वर माउलींचा अश्व मोकळा धावतो, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. तो पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती उचलायला सगळे झेपावतात. माझ्यापुढे डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आजी होत्या. त्यांनी चिमूटभर माती आधी माझ्या कपाळाला लावली, उरलेली स्वतःच्या.

चालता चालता त्यांना विचारलं, "आजी, विठोबाकडं काय मागता?" त्या म्हणाल्या, "मागायचं असतं तर घरनंच मागितलं असतं की. भेटाय चाललोय."

माउलींनी अमृतानुभवात एक दृष्टान्त दिलाय. एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि परिवार कोरून काढता येतो, मग एकत्वात भक्तीचा व्यवहार का होऊ नये? मी तो आधी वाचला होता, पण तेव्हा विचार म्हणून. पुढे वेळापूरजवळ धावा झाला. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं वारकरी मानतात. उतारावर सगळी दिंडी पळत सुटली, आजीसुद्धा, एक हात तुळशीला. तेव्हा तो दृष्टान्त माझ्या अंगात उतरला. सगळा दगड एकच असेल, तर कळस पाहणं हे पाय पाहण्यापेक्षा उणं कसं?

पण महाद्वारापाशी पोचल्यावर एक गोष्ट टोचत राहिली. तिथे नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. आम्ही कळसाला हात जोडून परतलो ते आपखुशीनं. चोखोबांना अस्पृश्य ठरवल्यामुळे आत जायची मुभाच नव्हती. या मंदिराचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं, संतांच्या काळानंतर कित्येक शतकांनी. सगळ्यांना माउली म्हणणाऱ्या परंपरेनं हे विसरता कामा नये, असं मला मनापासून वाटतं. आजींनी आधी चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकलं, मग पायरीला हात लावला, मग मान वर करून कळसाकडे पाहिलं. मीही त्याच क्रमानं केलं. दर्शनबारी कुठवर गेली आहे, हे आम्ही दोघींनी विचारलं नाही.

पौर्णिमेपर्यंत आम्ही थांबलो. गोपाळपूरला काला झाला, एकमेकांच्या तोंडात घास भरवून झाले. आजींच्या डोक्यात आता पेरणी होती, पाऊस गावाकडे झाला का म्हणून त्यांनी माझ्याच फोनवरून लेकाला दोनदा विचारून घेतलं.